धर्मश्रद्धेचं कारण देऊन सेवा नाकारली तर न्यायालयं नेमकं काय तपासतात?

शंकासुर
मास्टरपीस केकशॉपने (अमेरिका) समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारला, ॲशर्स बेकरीने (उत्तर आयर्लंड) समलिंगी विवाहाला पाठिंब्याचा मजकूर असलेला केक. दोन्ही अंतिम निकाल २०१८चे आणि दोन्हीकडे बेकरीवाले जिंकले. पण २०१३ साली ब्रिटनच्याच सर्वोच्च न्यायालयात समलिंगी जोडप्याला खोली नाकारणारं एक लॉजमालक दांपत्य हरलं (बुल विरुद्ध हॉल). श्रद्धा तीच, ख्रिस्ती. मग केक नाकारलेला चालतो आणि खोली नाकारलेली चालत नाही, यामागे काही सूत्र आहे की ज्या त्या न्यायाधीशाची मर्जी? तात्त्विक काथ्याकूट भरपूर वाचून झालाय. कसोटी प्रत्यक्षात कशी लावतात ते कुणी उलगडून सांगेल का?

कलमबहाद्दर
सूत्र आहे, पण आधी एक दुरुस्ती. मास्टरपीसवाला केकच्या मुद्द्यावर जिंकलेलाच नाही. कोलोरॅडोच्या नागरी हक्क आयोगातल्या सदस्याने सुनावणीत त्याच्या श्रद्धेबद्दल हेटाळणीची भाषा वापरली होती. शिवाय समलिंगी संबंधांविरुद्धचा मजकूर केकवर लिहायला नकार देणाऱ्या इतर बेकऱ्यांना त्याच आयोगाने मोकळं सोडलं होतं. ७ विरुद्ध २ मतांनी आयोगाचा आदेश रद्द झाला तो या दुजाभावामुळे. लग्नाचा केक नाकारता येतो का, हा मूळ प्रश्न न्यायालयाने तसाच ठेवला. मथळे वाचून हे कळत नाही.

ॲशर्समध्ये मात्र मुद्द्यावरच निकाल लागला, तोही एकमताने. गिऱ्हाइकाला ३६.५० पौंडांचा केक हवा होता, वर 'समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या' अशा अर्थाचा मजकूर. दुकानाने ऑर्डर आणि पैसे घेतले, मग मालकांनी नकार कळवून पैसे परत केले. इथे कसोटी दोनदा लावायची. आधी माल तोच ठेवून गिऱ्हाईक बदला: हाच मजकूर भिन्नलिंगी माणसाने मागितला असता तर? नकारच मिळाला असता. आता गिऱ्हाईक तेच ठेवून माल बदला: त्याच माणसाने साधा केक मागितला असता तर? मिळाला असता. म्हणजे आक्षेप मजकुराला होता, माणसाला नाही.

हीच उलटतपासणी लॉजची करा. खोलीवर काही लिहिलेलं नसतं. गिऱ्हाईक बदललं की तीच खोली मिळते. 'डबल रूम फक्त विवाहितांना' हा त्यांचा बचाव होता. पण समलिंगी जोडप्यांना तेव्हा तिथे लग्न करताच येत नव्हतं, फक्त नागरी भागीदारीची (लग्नासारख्या कायदेशीर नात्याची) नोंदणी करता येत होती, आणि ती या जोडप्याने केलेली होती. नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण एका गटाला तो पाळणं शक्यच नाही: हा अप्रत्यक्ष भेदभाव. त्यावर पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. प्रत्यक्ष भेदभावही झाला का, यावर मात्र ३ विरुद्ध २.

तिरकस
कसोटी सुबक आहे, पण ती मोडते कुठे तेही सांगा की. लग्नाच्या केकवर एक अक्षरही लिहिलेलं नसेल तर तो संदेश की नुसता माल? गिऱ्हाईक बदललं तर मिळतो, म्हणजे भेदभाव. 'समलिंगी विवाहासाठीचा केक' असं वर्णन केलं की तो वेगळाच माल ठरतो, म्हणजे भेदभाव नाही. मालाचं वर्णन कोण करतं यावर निकाल फिरतो!

२०२३च्या ३०३ क्रिएटिव्ह खटल्यात हेच झालं. समलिंगी विवाहासाठी वेबसाइट बनवायची नाही, असं एका डिझायनरचं म्हणणं होतं. लग्नाच्या वेबसाइट बनवणं ही अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी अभिव्यक्ती ठरवली. निकाल भाषणस्वातंत्र्यावर आहे, धर्मस्वातंत्र्यावर नाही, त्यामुळे हाच युक्तिवाद उद्या नास्तिकही करू शकतो. आता फोटोग्राफर, फुलांची सजावट करणारा, पत्रिका छापणारा यांच्यात रेघ कुठे मारायची? अभिव्यक्ती कशाला म्हणायचं, याची मोजपट्टी त्या निकालात मिळत नाही.

नियमावली
तिरकस यांच्याशी सहमत. नोकरीच्या बाबतीत मात्र मोजमाप बरंच स्पष्ट आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये चार ब्रिटिश प्रकरणांचा एकत्र निकाल दिला. त्यातल्या दोघींना कामावर गळ्यात क्रॉस दिसेल असा घालायचा होता. विमान कंपनीची कर्मचारी जिंकली, कारण कंपनीकडे 'ब्रँडची प्रतिमा' एवढंच कारण होतं आणि पगडी, हिजाब आधीपासून चालत होते. नर्स हरली: रुग्ण साखळी ओढेल, लोंबता क्रॉस उघड्या जखमेला लागेल ही रुग्णालयाची भीती न्यायालयाने मान्य केली. शिवाय रुग्णालयाने ब्रोच म्हणून लावण्याचा पर्याय दिला होता, तो तिने नाकारला.

म्हणून नियम करणाऱ्याने आधी नेमका धोका लिहून काढावा, मग तो टाळणारा कमीत कमी जाचक मार्ग शोधावा. बहुतेक जण दुसरी पायरी गाळतात आणि तिथेच हरतात. कॅनडाचं २००६चं मुलतानी प्रकरण बघा. शाळेत किरपाणावर सरसकट बंदी न्यायालयाने रद्द केली, कारण पर्याय समोर होता: किरपाण लाकडी म्यानात, म्यान जाड कापडात गुंडाळून शिवलेलं आणि सगळं कपड्यांच्या आत.

'गिऱ्हाइकांना आवडत नाही' हे कारण तर देऊच नका. गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून हिजाब घालणाऱ्या कर्मचारी महिलेला काढलं होतं, त्या बुनावी प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये ते फेटाळलंय.

शंकासुर
आभारी आहे. एक उपप्रश्न. धार्मिक संस्थाच मालक असेल तर? तिला 'आमच्याच धर्माचा उमेदवार हवा' म्हणता येतं ना?

कलमबहाद्दर
पदावर अवलंबून. अमेरिकेत होसाना-टेबर (२०१२) निकालानुसार धर्मोपदेशकासारखं काम करणाऱ्यांच्या नेमणुकीत भेदभावविरोधी कायदे हात घालत नाहीत, आणि २०२० मध्ये धर्मशिक्षण देणारे शाळाशिक्षकही त्यात आले. युरोपात एगनबर्गर (२०१८) निकालाने उलटा रोख घेतला: त्या कामासाठी ती अट खरोखर आवश्यक आहे हे संस्थेने दाखवायचं आणि न्यायालयाला ते तपासता आलं पाहिजे. तिथे पद होतं वंशभेदविरोधी करारावर अहवाल लिहिण्याचं.

अवांतर: भारतीय राज्यघटनेत कलम २५चं व्यक्तीचं धर्मस्वातंत्र्य मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींच्या अधीन आहे. कलम २६चं संप्रदायाचं स्वातंत्र्य देताना मात्र ते शब्द नाहीत. तिथे फक्त सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य. देवरू खटल्यात (१९५८) मंदिर सर्व हिंदूंना खुलं करणारा कायदा संप्रदायाच्या हक्कावर वरचढ ठरला, पण काही विधी संप्रदायापुरते राखायला मुभा मिळाली. दुकान, हॉटेल यांतल्या प्रवेशासाठी कलम १५(२) आहे, आणि ते खाजगी मालकालाही लागू होतं. त्यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढीच कारणं नावानिशी येतात. त्यामुळे शंकासुर यांनी सांगितलेल्या लॉज प्रकरणासारखी तक्रार इथे झाली तर पहिला वाद 'लिंग' या शब्दात लैंगिक कल येतो का, यावरच होईल. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या २०१८च्या नवतेजसिंग जोहर निकालाने तो वाद बराच सोपा केलाय.