घरपट्टीवर राग आहे, पण दाद नक्की कुठे मागायची? (सोलापूर)

पेठकरी

मंडळी, 2022 मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी माफ केली. आपल्याकडे पूर्व भागात विडी कामगार, यंत्रमाग कामगार त्याहून लहान घरात राहतो, त्याला मात्र पूर्ण बिल. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, पाणीपट्टी बारा महिन्यांची. मत मागताना सगळेच पक्ष करवाढ होऊ देणार नाही म्हणतात आणि सत्तेत आले की तिजोरी रिकामी असल्याचं सांगतात. मार्च 2022 नंतर तर बराच काळ प्रशासकच होते, जाब विचारायला नगरसेवकही नव्हता.

त्यात भाडेकरू कधीचा गेलेला असतो, तरी आकारणी भाड्याचीच चालू राहते. दुरुस्त करून घ्यायला गेलं की पैशाची अपेक्षा. कायद्याने नक्की काय करता येतं? निषेध म्हणून बिल भरणं थांबवावं का?

हरकत_अर्ज

थांबवू नका, सर्वांत मोठा तोटा त्यातच आहे. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. वर जप्तीचं वॉरंट निघू शकतं.

आधी आकारणीचा उतारा काढा. नुसत्या बिलावरून चूक सापडत नाही. आपल्याकडे करयोग्य मूल्यावर कर बसतो. हिशोब असा: क्षेत्रफळ गुणिले दरमहा दर गुणिले 12, त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा. समजा 500 चौरस फूट आणि दर 2 रुपये धरला, तर वर्षाचे 12,000, त्यातून 1,200 गेले, करयोग्य मूल्य 10,800. पुढचे सगळे टक्के याच आकड्यावर. म्हणून तपासायचं ते हेच: क्षेत्रफळ बरोबर आहे का, वापर राहता लावलाय की बिगरराहता, मालक स्वतः राहतो की भाडेकरू. बाहेरचा जिना किंवा ओटा खोलीत मोजला, तळमजल्यावरचा एक माग बंद होऊनही सगळं घर बिगरराहतं राहिलं, अशा चुका नेहमी सापडतात.

भाडेकरू गेला असेल तर लेखी अर्ज करा. सोबत भाडेकरार संपल्याचा कागद, वीजबिल आणि घर स्वतःच्या वापरात असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. जागेची पाहणी करावी, अशी मागणी अर्जातच लिहा. विभागीय कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्याच. तोंडी सांगितलेलं पुढे कुठेच टिकत नाही.

करयोग्य मूल्य वाढवल्याची विशेष नोटीस आली असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मुदतीत हरकत गेलीच पाहिजे. हरकतीचा निकाल पटला नाही तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) यांच्याकडे 15 दिवसांत अपील. दोन ठिकाणी लोक अडकतात: हरकतच घेतलेली नसते, किंवा वादातली कराची रक्कम महापालिकेत भरलेली नसते. दोन्हींपैकी एक जरी राहिलं तरी अपील दाखल करून घेत नाहीत. त्यामुळे 'हरकत कायम ठेवून' असं पत्र द्या आणि भरा. भरलं म्हणजे मान्य केलं असं होत नाही.

पेठकरी

आणि त्या 500 फुटांचं काय?

फेब्रुवारी_20

मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे, सोलापूर 1949 च्या अधिनियमात येतं. मुंबईची माफी आपोआप इथे लागू होत नाही, त्यासाठी राज्य सरकारलाच निर्णय घ्यावा लागेल. म्हणून हा प्रश्न आयुक्तांच्या टेबलावर नेऊन उपयोग नाही, तो शहरातल्या आमदारांना विचारा.

बिलातली प्रत्येक ओळ वेगळी वाचा. सर्वसाधारण कर महापालिकेचा. शिक्षण उपकर मात्र राज्याचा, 1962 च्या कायद्याने लावलेला. महापालिका तो फक्त गोळा करून पुढे पाठवते. दुकान, कारखाना असेल तर रोजगार हमी उपकरही त्यातच. विधानसभेत बसणारी माणसं सोलापुरात येऊन महापालिकेच्या करांवर बोलतात, पण स्वतःच्या उपकराचं नाव काढत नाहीत. ही ढोंगबाजी सहन होत नाही.

पुढच्या वर्षाचे कराचे दर महापालिकेला दरवर्षी 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात (कलम 99). बिलं त्यानंतर निघतात, मोर्चेही बिलं हातात पडल्यावरच निघतात. तोवर दर ठरून गेलेला असतो. निवेदन जानेवारीत द्या, प्रभागाच्या नगरसेवकाकडून त्यावर भूमिका लेखी घ्या.

पैसा कुठे गेला हे माहिती अधिकारात मागा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. 'रस्ता खराब का झाला' असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी मागा. त्या कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. हा कागद हातात असला की अभियंत्याला उत्तर द्यावंच लागतं. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.

विडी_घरकुल

पैसे मागितले तर 1064 ला फोन करा, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. मागणी झाली हे आधी पंचांसमोर पडताळून पाहतात, मगच सापळा लावतात. म्हणून फोन करायच्या आधी त्या माणसाशी भांडू नका, तो सावध होतो. सापळ्यात वापरलेली रक्कम तक्रारदाराला परत मिळते. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. नाइलाजाने दिली असेल तर 7 दिवसांच्या आत कळवावं लागतं.

हरकत_अर्ज

एक राहिलं. 'शास्ती' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक उशिराची 2 टक्क्यांची, दुसरी विनापरवाना बांधकामाची, कलम 267अ ची, ती घरपट्टीच्या दुप्पटपर्यंत जाऊ शकते. ही दुसरी भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. पिंपरी-चिंचवडची ही शास्ती 2023 मध्ये राज्य सरकारने माफ केली. उशिराच्या शास्तीवर अभय योजना (दंडात सूट देणारी) येते, तीही थकबाकीदारांसाठीच. जो दरवर्षी वेळेवर भरतो त्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही, आणि तूट पडली की दर वाढतो त्याचाच. जानेवारीच्या निवेदनात पहिली मागणी हीच लिहा: माफी जाहीर करण्याआधी सर्वांत मोठ्या थकबाकीदारांची यादी प्रभागवार प्रसिद्ध करा.

पेठकरी

उद्या आकारणीच्या उताऱ्याचा अर्ज देतोय. निवेदनाचा मसुदा इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.