मदत हवी आहे: निंबाशेजारचा कापूस खुरटतो. सावली की मुळ्या?

पारोळा तालुक्यात आमचं कोरडवाहू शेत आहे. जमीन काळी, पण दोन-अडीच फुटांवर मुरूम. पूर्व-पश्चिम बांधावर जुना निंब आहे. त्याच्या दोन्ही अंगांच्या चार-पाच ओळींतला कापूस गुडघ्याच्या वर जात नाही, पुढचा कमरेला लागतो. अप्पांचं एकच, ‘तोडी टाक.’ मला तोडायचा नाही. निंदणीच्या बाया भाकर तिथंच खातात आणि फवारणीच्या अर्काला निंबोळ्या घरच्या मिळतात.

सगळे सावलीवर खापर फोडतात, मला ते पटत नाही. जून-जुलैत आपल्याकडे दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावर असतं. थंडीत सावली उत्तरेला लांबते हे खरं, पण मग दक्षिणेकडच्या ओळी का खुरटाव्यात? पावसाने ओढ दिली की माना टाकतात त्याही याच ओळी, सगळ्यांच्या आधी. तिथं खुरपीने उकरलं तर इतभर खाली करंगळीएवढी निंबाची मुळी निघाली. तिच्या तांबूस, केसासारख्या तंतुमुळ्या थेट माझ्या शेणखताच्या ढेकळात शिरलेल्या.

चारी खोदून मुळ्या तोडल्या तर झाड मरेल का? आणि जमिनीखालच्या बुरशीतून झाडं एकमेकांना जेवू घालतात म्हणे, मग आमचा निंब कापसाला का वाढत नाही?

गिरणाकाठ:
झाडं एकमेकांना जेवू घालतात हे ज्यावरून म्हणतात, तो गाजलेला प्रयोग 1997 सालचा, कॅनडाच्या जंगलातला, भूर्ज आणि डग्लस फर या झाडांवरचा. एका झाडातला कार्बन दुसऱ्यात पोचलेला दिसला. तो बुरशीतूनच किती गेला, त्याने झाडाचं किती भागतं, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. शिवाय ती बुरशी मुळीला बाहेरून वेढते. निंब, कापूस, तूर, ज्वारी यांची वेगळी, मुळीच्या पेशीत शिरणारी. ती स्फुरद आणून देते नि बदल्यात साखर घेते. कामाची आहे, पण ऑगस्टमधलं पाण्याचं भांडण ती मिटवत नाही.

चारी खोदा, पण एकाच बाजूला. बुंध्यापासून दहा फूट तरी सोडा. दोन्ही बाजूंच्या मुळ्या एकदम तोडल्या तर वादळात झाड आडवं होईल. निंब चिवट असतो, एका बाजूने सहसा मरत नाही. दुसरी बाजू यंदा तशीच राहू द्या. चारीकडचा कापूस वाढला आणि तिकडचा खुरटाच राहिला, तर अप्पांना दाखवायला पुरावा झाला. चारीच्या आतल्या पट्ट्यात कापूस नकोच, चाऱ्याचं गवत होऊ द्या.

धागाकर्ता:
मुरूम लागला की थांबू का?

गिरणाकाठ:
थांबा. खाणाऱ्या तंतुमुळ्या बहुतेक वरच्या थरातच असतात. आणि एकदा तोडल्या म्हणून निर्धास्त होऊ नका, दोन-तीन वर्षांनी त्या परत येतात, चारी पुन्हा उकरावी लागते.