घरच्या गॅरेजमधलं कामाचं टेबल आणि फळ्या: तुमचे अनुभव सांगा

काल खंडेनवमी. पूजेला बाबांची हत्यारं काढली. रंध्याला झेंडू वाहताना पात्यात अडकलेली एक कुरळी ढलपी हातात आली आणि पार चिंचवडच्या घरात गेले. गॅरेज म्हणजे बजाज स्कूटरपुरती पत्र्याची शेड. कारखान्यात मशिनं यायची त्या खोक्यांच्या देवदारी फळ्या बाबा विकत आणायचे. खिळे उपटायचे, दगडावर ठोकून सरळ करायचे आणि तेच परत वापरायचे. मी तिसरीत, डबा धरून बसायची. त्यातून सहा बाय दोन फुटांचं टेबल झालं, कोपऱ्यात लाकूड घट्ट पकडायचा शेगडा. वरच्या फळीच्या खालच्या अंगाला हॉर्लिक्सच्या बाटल्यांची झाकणं स्क्रूने बसवलेली. बाटली फिरवली की हातात, काम झालं की परत वर. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, टेबल अजून तसूभर हलत नाही. तुम्हीही लिहा ना.

— अबोली

बाटल्यांची आयडिया आमच्याकडेही होती, फक्त बोर्नव्हिटाच्या!! डोळ्यांत पाणी आणलंस.

— कडीपत्ता

न्यू जर्सी. पहिल्याच रॅकला गंडलो. इथे दुकानात 'दोन बाय चार' म्हणून मिळणारं लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं. मी दोन्ही टोकांना दोन-दोन इंच धरले, चौकट एक इंच तोकडी. सगळं उलगडून परत केलं. दुसरं म्हणजे भिंत पोकळ, आतले उभे वासे साधारण सोळा सोळा इंचांवर. ते शोधून त्यातच स्क्रू गेला पाहिजे, नुसत्या जिप्समच्या भिंतीवर रंगाचे डबे ठेवलेत तर एक दिवस सगळं खाली. बायको म्हणते आधी गाडीचं दार उघडून बघ मग फळीची रुंदी ठरव. बरोबर आहे तिचं.

— परदेशी_पाखरू

वहिनींना नमस्कार सांगा 😀

— कडीपत्ता

रत्नागिरी. आमच्याकडे पाऊस आणि वाळवी, दोन्ही. पहिलं टेबल दोन पावसाळ्यांत खलास, पाय आतून पोकळ आणि वरून नवेकोरे दिसत होते, बोटाने दाबलं तर आत गेलं. आता पायांखाली कडाप्प्याचे तुकडे, टेबल भिंतीपासून चार बोटं लांब, आणि फळ्यांना ७१० मार्कचं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय. महाग पडलं पण यंदाचा पावसाळाही काढला. बाकी आमच्याकडे अजून नुसता चिखल, भात कापायचं कसं कळत नाही.

— मांगरातला_म्हाद्या

म्हाद्या, राजापूरकडे पण तेच, भात आडवं झालंय 😔

— सुरंगी

टेबलाची उंची किती ठेवावी? मिस्तरी अडीच फूट म्हणतोय.

— नवखा_ठाणेकर

अडीच फूट लिहायच्या टेबलाला ठीक. उभं राहून हात सरळ खाली सोडा, मनगटाची घडी येते तिथे टेबलाचा वरचा भाग. रंधा मारायला हीच उंची, पाठ धरत नाही. बारीक कामाला थोडं उंच चालतं. माझं चौतीस इंच आहे. आणि फळीला मधे टेकू नसेल तर पुढच्या कडेला दोन इंची पट्टी उभी मारा, आडवी नाही. माझी बारा एमएमची फळी पेंटच्या डब्यांनी झोळीसारखी झाली होती, तेव्हा हे कळलं. पट्टीला फेव्हिकॉल लावून रात्रभर दाबून ठेवा, घाई नको.

— निवृत्त_फिटर

धन्यवाद काका 🙏 उद्याच मोजतो. ठाण्यात चांगला सुतार आहे का कुणाच्या माहितीत?

— नवखा_ठाणेकर

सुतार कशाला, दोन रविवार काढ, स्वतः कर.

— कडीपत्ता

सगळी उत्तरं वाचतेय. फिटर काका, आत्ता जाऊन उभी राहिले. टेबल माझ्या मनगटाच्या चांगलं वर येतं, बाबा उंच होते ना. एका झाकणावर त्यांच्या अक्षरात 'पाऊण इंची' अजून वाचता येतं. फोटो रात्री टाकते, कुकरच्या शिट्ट्या होतायत.

— अबोली