मदत हवी आहे: तोषाच्या जंगलात नवी रोपं का दिसत नाहीत?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात हिमाचलमध्ये कुल्लूच्या तीर्थन खोऱ्यात गेले होते. साधारण २८०० मीटरवर तोष (हिमालयातला फर) आणि रई (स्प्रूस) या सूचिपर्णी झाडांचं जुनं जंगल लागलं. (तोषाच्या सुया चपट्या, रईच्या चौकोनी आणि टोचणाऱ्या; एवढी ओळख पटली.) काय झाडं आहेत! पण खाली तोषाची पोरं जवळजवळ नाहीतच. सुयांचा खच इतका की बोट खुपसलं तरी माती लागेना, आणि वर रिंगाळ बांबूची दाट जाळी. एक झाड मुळासकट उन्मळून माती उघडी पडली होती, तिथे मात्र वीतभर रोपं दिसली.

जाड कुजखताचा थर उन्हाळ्यात वरून सुकतो आणि कोवळं मूळ मातीत पोचण्याआधीच जळतं, असं वाचलंय. शिवाय चराई आहेच. मला खरा प्रश्न रिंगाळाचा पडलाय. तो अनेक वर्षांनी एकदम फुलून मरतो. त्यानंतर मोकळ्या जागेत तोष उगवतो, की झुडपंच आधी जागा बळकावतात? कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? उत्तराखंडातला अनुभवही चालेल. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे. नोंदी नेमक्या कशा घ्याव्यात तेही कृपया सांगा.