पोटात बाळ, परदेशात ईद आणि इंदुरातून येणारे सल्ले

मानहाइमवाली
गप्पच बसणार होते. पण 'राजवाडा_जुना' काकांनी ईदनंतर इंदूरच्या मराठी मंडळींच्या या चर्चेत जे लिहिलं, ते अम्मीने मलाच फॉरवर्ड केलं, खाली "बघ, लोकपण हेच म्हणतात" असं लिहून. मग राहवलं नाही.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: काकांचं म्हणणं, परदेशातल्या पोरी पोटुशी असताना सण करतात ते फोटोपुरते. गल्ली नाही, अजान नाही, चार मोठी माणसं नाहीत, मग ईद कसली? पहिलटकरणीने मुकाट माहेरी यावं, सण आणि बाळंतपण दोन्ही इंदुरातच उरकावं.

तर काका, ती पोरगी मीच समजा. माहेर इंदुरातल्या छावणीत, मूळ घर रत्नागिरीकडचं. घरात कोकणी वळणाची मराठी, दाराबाहेर इंदुरी हिंदी. सध्या जर्मनीत मानहाइमला, जुलैची तारीख दिलीय.

यंदा, 2025ला, इथली ईद 30 मार्चला झाली, इंदुरात 31ला. त्याच रविवारी पाडवा, आणि त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढे सरकवतात. म्हणजे ऐन ईदला झोपेतला एक तास गेला. इथली मोठी मशीद 1995ची, समोरच चर्च आहे. बायकांच्या बाजूला जिना चढून गेले तोवर धाप लागली होती. एका म्हाताऱ्या तुर्की बाईने माझ्या पोटाकडे बघितलं, मागे कुणावर तरी खेकसली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची सगळ्यांच्या डोक्यावरून हातोहात माझ्यापर्यंत आली. बसून नमाज पढले. नंतर तिनेच तळहातावर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं, तोंडात लोकुम (त्यांची मऊ मिठाई) कोंबला आणि कितवा महिना ते बोटांवर विचारलं. तिला जर्मन येईना, मला तुर्की.

दुपारी घरी शिरखुर्मा. खारीक रात्रीच भिजवली होती, चारोळी मिळाली नाही, बदामावर भागवलं. खालच्या मजल्यावरची सीरियन बाई मामूल (खजूर भरलेली बिस्किटं) घेऊन आली, ऑफिसातली पुण्याची मैत्रीण पुरणपोळ्या. पुरणपोळीवर शिरखुर्मा ओतून खाल्लाय का कधी? नसेल तर सणांवर बोलू नका.

आणि माहेरी या म्हणे. 28 आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरचा दाखला मागतात, 36 नंतर बसूच देत नाहीत. म्हणजे मला एप्रिल-मेमध्ये निघायला हवं. मेचं इंदूर, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अब्बांची नुकती अँजिओप्लास्टी झालेली. कोण कुणाला सांभाळणार? आणि ज्याचं मूल आहे तो माणूस व्हिडिओ कॉलवर बाप होणार. मला नाही पटत.

राजवाडा_जुना
बेटा, तुझ्या अम्मीला माझं पटलं म्हणजे माझं अगदीच वाया गेलं नाही. खुर्चीची गोष्ट चांगली आहे. पण ती बाई रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर येणार आहे का?

आमच्या इथे ईदच्या सकाळी शहरकाझींना बग्गीत बसवून सदर बाजारच्या ईदगाहवर नेतात, आणि नेणारं कुटुंब हिंदू. पिढ्यांची रीत. लहानपणी आम्ही ती बग्गी बघायला धावत जायचो, मग मित्राच्या घरी सेवया. हे पोराच्या कानावर, डोळ्यावर पडायला हवं. मशिदीसमोर चर्च आहे हे काय कौतुक! आपल्याकडे काय कमी आहे?

भिया_लोकमान्यनगर
काका, पोर पोटात आहे. त्याला बग्गी दिसणार कशी?

खजराना_रोड
सगळं लिहिलं, रोज्यांचं काहीच नाही. ठेवले का? तिकडे अठरा-अठरा तासांचे असतात म्हणतात. सवलत आहे हे मान्य, पण हल्लीच्या मुली सवलत आधी वाचतात आणि हुकूम नंतर.

मानहाइमवाली
भाई, अठरा तास जूनमध्ये. 2016च्या रमजानला असायचे. मार्चमध्ये दिवस-रात्र जवळपास सारखे, तेव्हा इथला रोजा आणि खजरान्यातला रोजा यात फारसा फरकच नाही. सुरुवातीला ठेवले, मग चक्कर यायला लागली, डॉक्टरने वजन बघून तोंड वाकडं केलं, सोडले. कजा करीन, म्हणजे राहिलेले भरून काढीन, बाळंतपणानंतर.

खजराना_रोड
कजा केली की झालं. फिदया, म्हणजे रोज्याबदली गरिबाला जेवण, त्या भानगडीत पडू नका, लोक उगाच दोन्ही सांगतात.

मानहाइमवाली
तुमच्याकडे झालं. तुम्ही हनफी पंथाचे. आम्ही कोकणी, शाफई पंथाचे. आमच्यात बाईला स्वतःच्या तब्येतीची भीती असेल तर फक्त कजा, पण फक्त बाळासाठी सोडले तर कजा आणि वर फिदया. आता चक्कर मला आली की बाळासाठी आली, यावर सासरी (ते हनफी, भोपाळचे) आणि माहेरी महिनाभर फोन चालले होते. कुणी मला विचारलं नाही की तू जेवलीस का.

निवृत्त_डॉक्टरीण
मी विचारते. जेवलीस का? आणि शुगरची तपासणी झाली का? 24 ते 28 आठवड्यांत होते ती.

मानहाइमवाली
ईदच्याच आठवड्यात होती, डॉक्टर! आधी 50 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात. मी म्हटलं, शिरखुर्मा पिऊन आलेय, परत कशाला. ती हसली नाही. निकाल ठीक आला.

निवृत्त_डॉक्टरीण
छान. आता ज्यांना रोज्यांवरून टोमणे मारायचेत त्यांच्यासाठी: पहिल्या खेपेची, नीट पाणी न पिता ओपीडीत आलेली, लघवीला जळजळ होणारी पोर मी दर रमजानला, दर श्रावणात आणि दर नवरात्रात बघितली आहे. धर्म वेगळे, केस पेपर तोच. आणि जूनमधल्या बकरी ईदला कच्च्या मटणाला हात लावू नकोस, टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका असतो. कलेजी तर अजिबात नको, व्हिटॅमिन ए फार असतं.

खजराना_रोड
कलेजीने रक्त वाढतं. आमच्या सगळ्या बायकांनी खाल्ली.

निवृत्त_डॉक्टरीण
रक्तासाठी लोहाच्या गोळ्या असतात. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

तिळगूळ_नको
इंदूरच्या मराठी मंडळींची ही चर्चेची जागा. इथे ईद, कजा, फिदया कुठून आलं? पाडव्याच्या शोभायात्रेवर एक धागा निघाला नाही.

भिया_लोकमान्यनगर
मग काढ ना धागा, कुणी हात धरलाय? होळकरांचा मोहरमचा सरकारी ताजिया राजवाड्याजवळच्या इमामबाड्यात बसतो, तेव्हा तू काय सुभेदार मल्हाररावांना विचारायला जाणार, हे कुठून आलं म्हणून? ती तुझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितेय. तू 'मी जाऊन राहिलो'वाला.

तिळगूळ_नको
वैयक्तिक जाऊ नका.

रामबागची_काकू
भांडा तुम्ही. मला मुलीशी बोलू द्या.

बाळ, ईद तिकडे केलीस, चांगलं केलंस. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं असं मलाही वाटतं, आणि त्यात धर्माचा काही संबंध नाही. आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात तुमच्यासारखंच कोकणी कुटुंब होतं. त्यांच्या लेकीची सातव्या महिन्यात ओटी माझ्या सासूबाईंनी भरली. सव्वा महिना तिच्या आईने तिला खाली पाय टेकू दिला नाही. डिंकाचे लाडू, शेपाचा वाटलेला मसाला, रोज तेल लावून न्हाऊ-माखू, टाळू भरणं, संध्याकाळी शेक-शेगडी. हे जर्मनीत कोण करणार?

निवृत्त_डॉक्टरीण
शेगडी कुणीही करू नये. बंद खोलीत कोळसा पेटवून बाळ-बाळंतिणीला कोंडायचं? कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्याला. वास येत नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातो. भाजलेली बाळंही मी पाहिली आहेत.

रामबागची_काकू
माझी तीनही पोरं शेगडीवर झाली. एकाला सर्दी नाही.

निवृत्त_डॉक्टरीण
नशीब म्हणायचं. पद्धत नाही.

रामबागची_काकू
डॉक्टरीणबाई, तुम्ही टाके घालून घरी पाठवता. पुढचे चाळीस दिवस आम्ही बघतो. रात्री तीनला मूल रडायचं थांबत नाही तेव्हा तुमची ओपीडी बंद असते.

मानहाइमवाली
काकू, इथे सुईण घरी येते. बाळंतपणानंतर सुरुवातीला जवळजवळ रोज, पैसे विमा कंपनी भरते. टाके बघते, बाळाचं वजन करते, दूध कसं पाजायचं ते शिकवते. तारखेआधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे पगारी रजा कायद्याने आहे. नवराही रजा टाकतोय. ज्या भोपाळच्या घरात त्याने कधी पाण्याचा ग्लास उचलला नाही, त्याच घरचा मुलगा इथे लंगोट बदलायचा वर्ग करतोय. इंदुरात आले तर हे सगळं अम्मीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर पडेल आणि तो पाहुण्यासारखा येऊन बाळाला बघून जाईल.

टोरांटोकर
हे शेवटचं वाक्य मीपण बोलायचे. अगदी असंच, इतक्याच आत्मविश्वासाने.

मी स्नेहलतागंजातली. पहिल्या वेळी सगळी तयारी होती. नर्स, रजा, नवऱ्याचे वर्ग, कपाटात दुपट्यांची रांग. माणसं पहिल्या आठवड्यात डबे घेऊन आली, मग ज्याच्या त्याच्या कामाला लागली. त्यांचा दोष नाही. नवरा कामावर परत गेला. जानेवारी, बाहेर बर्फ, पाच-साडेपाचला अंधार. मी मुलीला पाळण्यात ठेवून बाथरूमचं दार लावून बसायचे, नळ सोडून, म्हणजे तिचं रडणं ऐकू येऊ नये. नर्सने विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक. परक्या भाषेत 'ठीक' म्हणणं फार सोपं असतं. आईने फोनवर माझा नुसता 'हॅलो' ऐकून तिकीट काढलं.

सणाच्या दिवशी खुर्ची मिळते गं. मंगळवारी दुपारी मिळत नाही.

दुसऱ्या वेळी सरळ इंदूरला आले. लाज वाटली नाही.

मानहाइमवाली
ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, खोटं बोलत नाही. पण तुम्हाला हवी होती आई. इंदूर नव्हे. आई तिकडे आलीच ना? मग माझी इकडे का येऊ नये? दर वेळी पोटुशा बाईनेच विमानात का बसायचं?

टोरांटोकर
आली, कारण व्हिसा तयार होता. तुझ्या आईचा आहे का?

मानहाइमवाली
नाही. अजून नाही.

राजवाडा_जुना
हा आला मुद्दा! व्हिसा! माझ्या थोरल्याच्या वेळी आम्ही दोघं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. बँकेचे कागद, घराचे कागद, पेन्शनचा दाखला. एका कागदावर 'विनायक', दुसऱ्यावर 'विनायकराव', म्हणून परत पाठवलं. नातू बसायला लागला तेव्हा व्हिसा आला. आम्ही त्याचं बारसं फोनच्या पडद्यावर बघितलं, तेही आवाज अडकत अडकत. कोपऱ्यात ही पदर डोळ्याला लावून. तेव्हा मला परदेशातल्या सणांचं कौतुक सांगू नका.

भिया_लोकमान्यनगर
काका, मग राग त्या व्हिसाच्या खिडकीवरचा आहे, काढला या पोरीवर.

राजवाडा_जुना
तू लहान आहेस. तुला मुलं झाली की बोल.

खजराना_रोड
मी मधे एक सांगू? शेंगेनचा पाहुण्यांचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचाच. बाळ जुलैत म्हणजे अम्मी-अब्बांनी जूनमध्ये जावं. बकरी ईद तिकडेच होईल, बाळंतपण होईल, सप्टेंबरात परत. अर्ज मात्र आजच टाका. आणि कलेजीबद्दल मी माझं मत मागे घेतलेलं नाही.

निवृत्त_डॉक्टरीण
अँजिओप्लास्टी नुकती झालीय म्हणाली. अब्बांना आधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरला विचारू दे. अम्मी एकटी गेली तरी चालेल की!

मानहाइमवाली
अम्मी एकटी भोपाळलाही गेलेली नाही.

राजवाडा_जुना
मग पहिल्यांदा जाईल. दिल्लीहून थेट फ्रँकफर्टला बसवून द्या, तिथे जावई घ्यायला येईल. व्हीलचेअर मागून घ्या, गुडघ्याचं कारण खरंच आहे, रांगेत उभं राहावं लागत नाही. कागद मी बघून देतो, मला आता सगळे पाठ झालेत. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. याचा अर्थ तुझं म्हणणं मला पटलं असा काढू नकोस. अकीका, बाळाच्या नावाने बकरा कापून दावत, ती मात्र इंदुरातच.

मानहाइमवाली
काका, अकीका सातव्या दिवशी असतो. सातव्या दिवशीचं बाळ घेऊन विमानात बसू?

खजराना_रोड
सातव्याला नाही जमलं तर चौदाव्याला, एकविसाव्याला, नंतरही होतो. बकरा इंदुरात, बाळ जर्मनीत, तसंही चालतं. तिकडे घरी जबीहा (बकरा हलाल करणं) करू देत नाहीत, बेशुद्ध न करता कापायला खास परवानगी लागते. 2002मध्ये त्यावर तिथल्या घटनात्मक न्यायालयाचा निकाल आहे, तरी परवानग्या मोजक्याच मिळतात. दावत मी बघतो. 'राजवाडा_जुना' साहेबांना पहिल्या पंगतीत बसवू.

राजवाडा_जुना
मी मटण सोडलंय. सेवया चालतील.

तिळगूळ_नको
पाडव्याचा धागा टाकलाय. कुणी उत्तर दिलेलं नाही.

रामबागची_काकू
देते हो, जरा थांबा. आधी मला हे सांगा, लाडू पाठवायचे तर अम्मीबरोबर जातील का? माझ्या भाचीचा तुपाचा डबा विमानतळावर काढून घेतला होता.

टोरांटोकर
युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तुपाचा डबा जाणारच.

रामबागची_काकू
म्हणजे लाडू काय खोबरेल तेलात वळायचे? बरं, डिंक, खारीक, खोबरं, अळीव, खसखस असं कोरडं बांधून देते. लोणी तिकडे मिळतं ना? कढव आणि कर. डिंक मंद आचेवर तळ, आतून कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. फोनवर सांगीन.

निवृत्त_डॉक्टरीण
आणि शेगडी?

रामबागची_काकू
शेगडी पाठवत नाहीये ना! आता तरी गप्प बसा.