कमेंट आणि टेस्टमधल्या स्पेलिंगच्या चुका: पीआर टाकावा की गप्प बसावं?

खाडाखोड (प्रश्न)

मी मूळची मुद्रितशोधक. अकरा वर्षं छापायच्या मजकुरावर लाल पेन चालवलं, आता दीड वर्षापासून पायथन शिकतेय. सवय अशी जडलीय की कोड उघडला की तर्क नंतर दिसतो, चुकलेलं अक्षर आधी टोचतं.

सध्या एक ओपन सोर्स लायब्ररी वाचतेय. माणसांनी वाटेल तशा लिहिलेल्या तारखा ओळखून त्यांची नीट तारीख करून देणारी. नाव मुद्दाम देत नाही. कोड सुरेख आहे, पण कमेंटमध्ये (कोडशेजारी माणसांसाठी लिहिलेल्या टिपांमध्ये) चुकांचा सडा. 'रिसीव्ह'मधले आय आणि ई उलटसुलट, तेही नऊ ठिकाणी. 'ऑकर्ड'ला एकच आर. 'सेपरेट'च्या मधल्या एच्या जागी ई. 'द द' अशी जोडी पाच वेळा. सुरुवातीला वहीत टिपून ठेवत होते, मग कोडस्पेल नावाचं साधन सापडलं. ते शब्दकोशाशी ताडून बघत नाही, नेहमी होणाऱ्या चुकांची यादी घेऊन तेवढ्याच शोधतं, त्यामुळे उगाच आरडाओरडा कमी. मी त्याला जागच्या जागी दुरुस्त करायला सांगितलं, एका कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) सगळं भरलं आणि पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या' अशी विनंती) टाकला. ३७ फायली, ६४ दुरुस्त्या. आयुष्यातला पहिला पीआर!

चार मिनिटांत सीआय (प्रत्येक पीआरवर आपोआप चालणारी तपासणी) लाल. तीन टेस्ट (कोड नीट चालतो का ते बघणारे छोटे प्रोग्रॅम) पडल्या. दुसऱ्या दिवशी मेंटेनरचं, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं, सभ्य पण कोरडं: "धन्यवाद. असा घेता येणार नाही. विभागून पाठवा. टेस्टच्या डेटाला आणि बाहेरून आणलेल्या कोडच्या फोल्डरला हात लावू नका."

टेस्ट का पडल्या ते शोधल्यावर मात्र कान लाल झाले. एका टेस्टमध्ये 'फेब्रुअरी'चं स्पेलिंग पहिला आर गाळून लिहिलं होतं, 'वेन्सडे'चंही तसंच काहीतरी. मी ते शुद्ध केलं. ती टेस्ट होतीच मुळी याची, की असं अशुद्ध लिहिलं तर लायब्ररी नकार देते का!

ती चूक माझी, कबूल. पण बाकीच्याचं काय? कमेंटमधलं एक अक्षर बदलण्यात विभागायचं काय असतं? आणि हे काम करण्याजोगं आहे का, की मी लोकांचा वेळ खातेय?

---

ऑक्टोबरपीडित

स्पष्ट बोलतो, राग नसावा. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावण्याचा ऑक्टोबरमधला उपक्रम, आठवा. चार पीआर केले की टी-शर्ट, म्हणून लोकांनी रीडमीमध्ये एखादं विशेषण घुसडून पीआर टाकायचा सपाटा लावला होता. इतका, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावा लागला: ज्या रेपोने (प्रकल्पाच्या कोडभांडाराने) स्वतःहून होकार दिलाय, तिथलेच पीआर धरायचे. तेव्हापासून 'फिक्स टायपो' असं शीर्षक दिसलं की माझा हात आधी 'क्लोज'कडे जातो. तुमचा तसा हेतू नसेलही, पण समोरच्याला कसं कळणार?

---

खाडाखोड

टी-शर्ट नकोय. मला तो एकेरी आर सहन होत नाही, इतकंच.

---

राखणदार

नऊ वर्षं एक छोटी लायब्ररी सांभाळतोय, नोकरी करून उरलेल्या वेळात. त्यामुळे पलीकडच्या बाजूचं सांगू शकेन. वरच्या ऑक्टोबरपीडितांइतका मी चिडलेला नाही, पण तुमचा पीआर मीही असाच परत पाठवला असता.

तुम्ही ६४ जागा बदलल्या. त्या निरुपद्रवी आहेत हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. कमेंट बदलता बदलता एखादी स्ट्रिंग (प्रोग्रॅम स्वतः वापरतो तो मजकूर) बदलली गेली नाही ना, हे मला चौसष्ट वेळा बघायचंय. विसाव्या-बाविसाव्या बदलापाशी डोळा सुस्तावतो आणि गोम नेमकी तिथे निघते. प्रुफं तपासणाऱ्या बाईंना हे मी काय सांगायचं. तुमच्याच पीआरमध्ये निघाली की नाही, 'फेब्रुअरी'ची?

दुसरं म्हणजे गिट ब्लेम, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली एक आज्ञा. एखादी ओळ कुणी, कधी आणि मुख्य म्हणजे का लिहिली, हे मी रोज त्यातून शोधतो. कमेंट स्वतंत्र ओळीवर असेल तर फार बिघडत नाही. पण कोडच्याच ओळीच्या शेपटीला कमेंट असली, तर त्या ओळीचा इतिहास विचारल्यावर पहिलं उत्तर येतं 'टायपो दुरुस्त', आणि खरं कारण एक पायरी मागे जातं. गिटच्या २.२३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, काही कमिट ब्लेममधून वगळता येतात. त्यांचे हॅश (ओळखक्रमांक) एका फाइलीत लिहून ठेवायचे. सगळा कोड नव्याने फॉरमॅट केला तेव्हा मी ते वापरलं. प्रत्येक टायपोसाठी कोण वापरणार?

आणि जुनी शाखा. आमची आधीची आवृत्ती अजून वापरात आहे. मुख्य शाखेतली बगची दुरुस्ती मी तिकडे चेरी-पिक करतो, म्हणजे तेवढाच कमिट उचलून नेतो. शेजारच्या कमेंटमध्ये इकडे 'रिसीव्ह' शुद्ध आणि तिकडे अशुद्ध, एवढं कारण कॉन्फ्लिक्टला, म्हणजे गिटला बदल आपोआप न जुळवता यायला, पुरतं. एका रविवारी अशी सात कॉन्फ्लिक्ट सोडवली होती, सातही कमेंटमधली. त्या दिवशी मी कुणाच्याही टायपोच्या पीआरला उत्तर दिलं नाही.

एरर मेसेज कमेंटसारखा दिसतो, पण तो कमेंट नव्हे. कुणाची तरी स्क्रिप्ट तो मजकूर जसाच्या तसा शोधत असते. प्रकल्पाचं भाषांतर गेटटेक्स्ट नावाच्या साधनावर चालत असेल तर मूळ वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. तिच्यातलं एक अक्षर बदललं की पुढच्या वेळी फायली जुळवताना सगळ्या भाषांतली ती नोंद 'फझी' ठरते, म्हणजे संशयास्पद. तशा नोंदी तयार फाइलीत एरवी घेतल्या जात नाहीत. तुम्ही एका भाषेतलं स्पेलिंग सुधारलं आणि बाकी वाचकांच्या पडद्यावरून त्यांची भाषाच गेली.

मग करूच नये? करावं की! लिनक्स कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅच, म्हणजे दुरुस्त्या, कसे पाठवावेत याच्या मार्गदर्शिकेत क्षुल्लक पॅचेसची एक यादी असायची. स्पेलिंगच्या दोन जाती त्यात होत्या: डॉक्युमेंटेशनमधल्या चुका, आणि ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला) चकवतील अशा चुका. ही दुसरी जात मी स्वतः भोगलीय. जुनी फंक्शनं काढून टाकायची म्हणून 'डेप्रिकेटेड' (आता वापरू नका) हा शब्द सगळीकडे शोधला, सापडली ती काढली. एक उरलं. त्याच्यावरच्या कमेंटमध्ये त्या शब्दातला एक ई गळाला होता. ते फंक्शन आणखी दोन आवृत्त्या जिवंत राहिलं, आणि तेवढ्यात लोक ते वापरायलाही लागले. कर्नेलच्या रेपोत तर नेहमीच्या चुकांची फाइलच आहे. पॅच पाठवण्याआधी चालवायची चेकपॅच स्क्रिप्ट ती वाचते आणि तिथेच टोकते.

तर तुम्ही आधी फक्त कमेंट आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनची माहिती देणारा मजकूर) पाठवा. टाकण्याआधी शब्दागणिक फरक दाखवणारा डिफ काढून स्वतः वाचा. ओळीचा डिफ अशा कामाला बोथट पडतो. बाहेरून आणलेला कोड सोडा. तो दुसऱ्या प्रकल्पाचा, पुढच्या अपडेटला तुमची दुरुस्ती पुसली जाणार. फारच टोचत असेल तर त्यांच्या दारात जाऊन सांगा. आपोआप तयार होणाऱ्या फायलींचंही तेच. आणि कृपा करून 'कलर'मधला यू काढू नका. ती चूक नव्हे, ती ब्रिटिश वळणाची माणसं आहेत.

---

हिरवाटिक

राखणदारांनी टेस्ट बाजूला ठेवायला सांगितलं. मी उलट म्हणेन, पहिला पीआर झाला की टेस्टकडेच या. डेटाला हात लावायचा नाही हे बरोबर, पण टेस्टच्या नावांमध्ये आणि असर्टमध्ये (प्रत्यक्ष तपासणीच्या ओळींमध्ये) जे टायपो असतात त्यांच्याइतके घातक टायपो मी कुठे पाहिले नाहीत. मुख्य कोडमध्ये नाव चुकलं तर प्रोग्रॅम बोंब मारतो. टेस्टमध्ये चुकलं तर कित्येकदा सगळं हिरवं दिसतं.

पायटेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन फंक्शनच्या नावाची सुरुवात 'टेस्ट'ने झालीय का ते बघून टेस्ट गोळा करतं. कुणी घाईत 'टेट्स' लिहिलं की ते त्याच्या लेखी साधं फंक्शन. चालत नाही, पडत नाही, तक्रार नाही. नुसतं पडून राहतं.

मॉकची, म्हणजे टेस्टमध्ये खऱ्याच्या जागी ठेवलेल्या तोतयाची, गंमत याहून भारी. पायथनचा मॉक कुठलंही नाव विचारलं तरी हो म्हणतो, हाच त्याचा धंदा. त्यामुळे 'असर्ट कॉल्ड वन्स'मधल्या 'असर्ट'ची अक्षरं मागेपुढे होऊन 'अस्रेट' झालं, तर मॉक म्हणायचा, हो, हेही आहे माझ्याकडे, घ्या. तपासणी शून्य, निकाल पास. हे इतक्यांच्या हातून व्हायचं, की पायथन ३.५ मध्ये खास सोय आली: 'असर्ट' किंवा 'अस्रेट' अशी सुरुवात असलेलं अनोळखी नाव मागितलं तर मॉक एरर देतो. एक टायपो नाव घेऊन प्रमाण लायब्ररीत जाऊन बसलाय! मॉक बनवताना त्याला स्पेक दिला, म्हणजे कुणाची नक्कल करायची ते सांगितलं, तर तो इतर भलत्या नावांनाही नकार देतो.

मी एका कामावर असा झोपलेला असर्ट शोधला होता. दीड वर्ष हिरवा. स्पेलिंग सुधारलं आणि टेस्ट पडली, कारण ज्या फंक्शनला एकदाच हाक मारायची होती त्याला दोनदा हाक जात होती, म्हणजे ग्राहकाला दोन ईमेल. तक्रारी येत होत्या, आणि आम्ही ईमेलच्या सर्व्हरवर खापर फोडत होतो.

एक कानमंत्र. टेस्टच्या नावात बदल करण्याआधी पायटेस्टला 'कलेक्ट ओन्ली' सांगून संख्या टिपून ठेवा, बदलल्यावर पुन्हा मोजा. वाढली तर एक कुंभकर्ण जागा केलात. कमी झाली तर घोटाळा: तुम्ही शुद्ध केलेलं नाव त्याच फाइलीत आधीच होतं, आता एकाच नावाची दोन फंक्शनं झाली, आणि पायथन नंतरचं तेवढं धरतो.

---

जुनाटर्मिनल

काही चुका सुधारायची वेळ निघून गेलेली असते. एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांच्या, ज्या हेडरमधून ब्राउझर सांगतो की वाचक कुठल्या पानावरून आला, त्या 'रेफरर'मध्ये एक आर कमी आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ या एचटीटीपीच्या दस्तऐवजामध्ये तसाच छापला गेला, आणि जगभरचे सर्व्हर आजही तसाच वाचतात. नंतर आलेल्या 'रेफरर पॉलिसी' या हेडरचं स्पेलिंग मात्र बरोबर! युनिक्सच्या फाइल तयार करणाऱ्या 'क्रिएट' कॉलला शेवटचा ई नाही. पुन्हा युनिक्स केलं तर काय बदलाल, असं विचारल्यावर युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन म्हणाले होते की क्रिएटला ई लावीन. खाडाखोडताई, हे दोन बघून लाल पेन खाली ठेवा.

---

खाडाखोड

दहा दिवसांनी परत आलेय. सगळ्यांचे आभार, ऑक्टोबरपीडितांचेही.

नुसत्या कमेंट आणि डॉकस्ट्रिंगचा पीआर केला, १९ फायली. शब्दागणिक डिफ वाचताना खरंच दोन स्ट्रिंग सापडल्या, त्या मागे घेतल्या. त्याच संध्याकाळी मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला. बाहेरून आणलेल्या कोडच्या मूळ प्रकल्पाकडे गेले, तर तिथे त्या चुका कधीच सुधारलेल्या होत्या. इथली प्रतच जुनी.

मग टेस्ट मोजल्या. ४१२. एका नावात खरोखरच 'टेट्स' होतं! सुधारून पुन्हा मोजल्या, ४१३. आणि ती पडली. दोन अंकी वर्षांची टेस्ट आहे: ६८ म्हणजे २०६८ आणि ६९ म्हणजे १९६९ धरावं, पायथनच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे. ही लायब्ररी ६९ ला २०६९ म्हणते. मी काहीही न दुरुस्त करता इश्यू (तक्रारीची नोंद) उघडला. मेंटेनरने विचारलं, "हे कधीपासून झोपलंय?" गिट ब्लेम चालवलं. सहा वर्षं. राखणदार, तुमचं ब्लेमप्रेम तेव्हा पटलं.

आता एक अडलंय. कॅशच्या (आधीचे निकाल तात्पुरते साठवण्याच्या) फंक्शनवर कमेंट आहे की कॅश इथे 'नाऊ' रिकामी केली जाते. खालच्या कोडमध्ये कॅश रिकामी होत नाही. म्हणजे लिहिणाऱ्याला 'नॉट' म्हणायचं होतं आणि शेवटचं अक्षर चुकलं? की कमेंट बरोबर आहे आणि कोडची एक ओळ राहून गेलीय? कोडस्पेलला याचा पत्ता नाही, दोन्ही शब्द शुद्धच. छपाईत असं आलं की आम्ही अक्षर बदलत नसू, समासात प्रश्नचिन्ह काढून प्रूफ लेखकाकडे पाठवत असू. तेच केलंय, ओळ २१८ वर. अजून उत्तर आलेलं नाही.