सिझरच्या बाळाच्या तोंडातले जिवाणू : आयांना काय सांगावं? (मदत हवी आहे)

वॉर्डसिस्टर : बाळंतिणींच्या वॉर्डात स्तनपानाचं मार्गदर्शन करते. सिझर झालेल्या आया नेटवर वाचून दोन प्रश्न विचारतात. योनीतले जिवाणू बाळाला मिळावेत म्हणून तिथला स्राव गॉजवर घेऊन बाळाच्या तोंडाला लावायचा का? आणि सिझरच्या बाळांचे दात लवकर किडतात का?

दातांचा_डॉक्टर : गॉजचं आधी. 2010 मध्ये व्हेनेझुएलातल्या नवजातांचे नमुने तपासले तेव्हा नॉर्मलच्या बाळांत योनीतले लॅक्टोबॅसिलस, प्रीव्होटेला हे जिवाणू आढळले. सिझरच्या बाळांत त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस. बातम्या इथेच थांबतात. 2017 च्या ह्यूस्टनच्या अभ्यासात सहा आठवड्यांच्या बाळांत हा फरक जवळपास पुसला गेला होता. त्यामुळे गॉज नको. त्यातून हर्पिस, ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस असे घातक जंतू बाळाला लागू शकतात. शिवाय पाणमोट फुटून बऱ्याच कळा दिल्यावर सिझर झालं असेल, तर बाळाचा त्या जिवाणूंशी संपर्क आधीच आलेला असतो.

आता किडीचं. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स या दात किडवणाऱ्या जिवाणूला चिकटून वाढायला मुख्यतः दातासारखा कठीण पृष्ठभाग लागतो. 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात तो सिझरच्या मुलांत सरासरी 17व्या महिन्याच्या सुमारास सापडला, नॉर्मलच्या मुलांत 29व्या. पण जंतू सापडला म्हणजे दात किडला असं नाही. साखर किती वेळा तोंडात जाते, रात्री बाटली तोंडातच राहते का, हे जास्त महत्त्वाचं. आईच्या किडलेल्या दातांवर उपचार करून घ्या, बहुतेकदा तिच्या लाळेतून तो जंतू येतो.

वॉर्डसिस्टर : आणि दात येईपर्यंत?

बालरोग_कट्टा : दूध, सिस्टर! मणक्यातली भूल असेल तर टेबलावरच बाळ छातीशी द्या. ओढत नसेल तर चीक हाताने काढून वाटी-चमच्याने, एका वेळी थोडा थोडा. आईच्या दुधातलं एक विकर (एन्झाइम) आणि बाळाच्या लाळेतले घटक मिळून थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि काही जंतूंची वाढ रोखतं. म्हणून दर वेळी पाजल्यावर तोंड घासत बसू नका. पहिलं वर्षभर मध नाही, बोटुलिझमचा (जंतूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. बोरोग्लिसरीनही नाही.

जिभेवरचा पांढरा थर ओल्या गॉजने निघाला तर दूध. गालाच्या आतही असेल, निघत नसेल आणि पुसल्यावर खाली लालभडक दिसत असेल, तर बुरशी. तेव्हा बाळाच्या तोंडात औषध आणि आईच्या स्तनाग्रांनाही, नाहीतर ती पुन्हा येते.

दातांचा_डॉक्टर : पहिला दात दिसला की मऊ ब्रश, 1000 पीपीएम फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा. रात्री ब्रश केल्यावर काही गोड नको.